अठरा मोजले, एकोणिसावा कुठे?

मोठ्या कुटुंबाच्या सहलीबद्दल अनुभव आणि प्रश्न कळवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर तक्रारीचा आहे आणि त्यांतल्या बहुतेकांची शेवटची ओळ ‘पुढच्या वर्षी पुन्हा जायचे ठरले आहे’ अशी आहे. त्यामुळे अशा सहलीला जावे की जाऊ नये, या वादात शिरण्याचे कारण उरलेले नाही. जाणारच आहात, तर काय सांभाळावे आणि काय सोडून द्यावे, एवढ्यापुरतीच ही उत्तरे आहेत.

प्रश्न : सासू-सासरे, पाच जोडपी आणि दोन ते सतरा वर्षांची अकरा मुले असे आम्ही २३ जण चार दिवसांच्या सहलीला गेलो होतो. आखणी माझ्याकडे होती. मी अर्ध्या-अर्ध्या तासाचे वेळापत्रक करून सर्वांना पाठवले होते. पहिल्याच सकाळी आठला निघायचे होते, ते साडेदहाला निघालो, कारण धाकट्या पुतण्याचा एक बूट सापडत नव्हता. तो अखेर थोरल्या दिरांच्या बॅगेत, त्यांच्या घडी केलेल्या सदऱ्यांच्या मधोमध निघाला आणि तो तेथे कसा गेला, यावर पुढचे चार दिवस नुसता हशा चालला. सगळे म्हणतात, इतकी मजा कधी आली नव्हती. मला मात्र आठवते ती फक्त हातातली यादी. आता पुढच्या वर्षीची आखणीही मीच करावी, असे एकमताने ठरले आहे. नाही कसे म्हणू? — मधली सून

उत्तर : तुमच्या वेळापत्रकाचा घात बुटाने केला, असे घरात सांगितले जात असेल; परंतु बूट वेळेवर सापडला असता, तरी तुम्ही आठला निघाला नसता. उतरलेल्या जागी तीन न्हाणीघरे होती असे धरू आणि माणशी १२ मिनिटे धरू. २३ माणसांची २७६ मिनिटे होतात आणि ती तीन ठिकाणी वाटली, तरी ९२ मिनिटे लागतात. एक माणूस बाहेर पडताक्षणी दुसरा आत शिरला, पाणी अखंड गरम राहिले आणि कोणीही टॉवेल विसरला नाही, तरच हा हिशेब जमतो. माणसे यंत्रासारखी एकामागून एक हलतील, हे गृहीत धरले की वेळापत्रक सुबक दिसते आणि पहिल्याच सकाळी कोलमडते.

यात तुमचा दोष फारसा नाही. आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, हे डॅनिएल काहनेमन आणि अ‍ॅमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. गंमत अशी की, सगळेच बिघडले तर किती दिवस लागतील, असे विचारल्यावर त्यांनी दिलेला आकडाही ४९ दिवसांच्या आतच होता. हे झाले एकट्याने करायच्या कामाचे. तुमच्या कामात तर दोन वर्षांच्या मुलाची झोप, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ आणि सतरा वर्षांच्या मुलीचे केस हे सगळे एकमेकांत गुंतलेले होते.

म्हणून पुढच्या वेळी दिवसाला एकच गोष्ट पक्की करा. सकाळी एखादे ठिकाण पाहायचे असेल, तर दुपार आणि संध्याकाळ कोरी सोडा. ती कोरी राहणार नाही, याची खात्री बाळगा. बुटाचा किस्सा कोणत्याही वेळापत्रकात नव्हता, तरीही सहलीतली सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट तीच ठरली, हे तुम्हीच लिहिले आहे.

आता नाही म्हणण्याविषयी. मुळीच म्हणू नका; वाटून द्या. ‘सगळ्यांनी थोडी थोडी मदत करा’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळा, कारण काम सगळ्यांचे झाले की ते कोणाचेच राहत नाही आणि तिसऱ्या दिवशी फिरून तुमच्याच पदरात पडते. गाड्या अमुक दीर ठरवतील, जेवणाची जबाबदारी अमुक नणंदेची, औषधांची पेटी अमुक जावेकडे, मुलांच्या खेळांचे साहित्य सतरा वर्षांच्या मुलीकडे, असे नाव घेऊन लिहून पाठवा. खोल्यांचे आरक्षण तेवढे स्वतःकडे ठेवा. त्यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे आणि ती तुमची एकटीची आहे. दुसऱ्याने केलेले काम तपासायचे नाही. नणंदबाईंनी जेवणाची वेळ दीड तासाने चुकवली, तर तुम्हीही इतरांबरोबर भुकेल्या बसा आणि ‘मी केले असते तर’ हे चार शब्द मनातच राहू द्या. आमचा अनुभव असा की, कामे वाटणाऱ्या बायका पुष्कळ असतात. वाटलेली कामे परत न घेणाऱ्या फार थोड्या असतात.

प्रश्न : आम्ही १९ जण दोन गाड्यांतून निघालो होतो. वाटेत विश्रांतीसाठी थांबलो आणि पुन्हा निघालो. सुमारे दहा मिनिटांनी पुढच्या गाडीतून फोन आला, की आमचा सहा वर्षांचा भाचा तुमच्याकडे काय करतो आहे? तो आमच्याकडे नव्हताच. परत गेलो, तेव्हा तो तेथल्या बाकावर पाय हलवत बसला होता आणि त्याने विचारले, “तुम्ही काय विसरला होता?” आता सगळे हा प्रसंग हसत सांगतात. माझ्या मात्र अजून छातीत धस्स होते. निघण्यापूर्वी मी स्वतः ‘सगळे आले का?’ असे विचारले होते. — मागच्या गाडीतील काका

उत्तर : काका, तुमच्या छातीत धस्स होते, हेच बरोबर आहे. ‘सगळे आले का?’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ असे उत्तर दिलेले नाही, कारण जो आलेला नसतो, त्याला हा प्रश्न ऐकूच येत नाही. बाकीचे आपल्या आजूबाजूची चार माणसे पाहून होकार भरतात.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये केलेला एक प्रयोग येथे आठवतो. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला अपस्माराचा झटका आल्याचे आवाज लोकांना ऐकवले गेले. ते ऐकणारे आपण एकटेच आहोत, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक तो माणूस बोलत असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत, असा ज्यांचा समज होता, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. माणसे निर्दय होती असे नव्हे; दुसरा कोणी उठला असेल, असे प्रत्येकाला वाटले. तुमच्या दोन्ही गाड्यांनी भाच्याबाबत नेमके हेच केले. तो पुढे आहे असे मागच्यांना वाटले आणि मागे आहे असे पुढच्यांना.

उपाय साधा आहे. प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचे नाव लावा. ते आईवडिलांचेच असले पाहिजे असे नाही. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या आणि गाडी सुटण्यापूर्वी प्रत्येकाने आपापला क्रमांक मोठ्याने म्हणायचा, असा नियम करा. मुलांना हा खेळ वाटतो आणि गळलेला आकडा लगेच कानाला खटकतो. ‘आमच्यात अकरा, तुमच्यात आठ’ हे फोनवर बोलून झाल्याखेरीज कोणतीही गाडी हलवायची नाही. मुलाच्या खिशात दोन मोठ्यांचे फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि चुकामूक झाली तर असशील तेथेच थांब, हे त्याला निघण्यापूर्वी सांगून ठेवावे. तुमचा भाचा बाकावरून हलला नाही, हे तुमचे मोठे भाग्य.

तुम्ही विचारलेले नाही, तरी याला जोडूनच पाण्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण तेथे परत जायला दहा मिनिटे मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडणारे मूल हाका मारेल, हात हलवेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात श्वास घेण्याच्या धडपडीत त्याच्या तोंडातून बहुधा आवाजच फुटत नाही. काठावर बारा मोठी माणसे गप्पा मारत बसलेली असताना मूल सुरक्षित आहे असे वाटते. खरे तर तीच वेळ सर्वांत धोक्याची असते. एका वेळी एकाच माणसाने पाण्याकडे पाहायचे, हातात शिट्टी ठेवायची आणि मोबाईल दुसऱ्याकडे द्यायचा. वीस मिनिटांनी पुढच्या माणसाच्या हातात शिट्टी दिली की त्याची पाळी सुरू झाली. ‘जरा लक्ष ठेव हं’ असे हवेत बोलून कोणी उठून जाऊ नये. सहलीतला बाकी सगळा गोंधळ आम्ही आनंदाने माफ करू. हा करणार नाही.

प्रश्न : ‘कुठे जायचे?’ असे विचारले की आमच्याकडे सगळेच ‘कुठेही चालेल’ म्हणतात. गेल्यावर मात्र प्रत्येकाची कुरकुर असते. — कंटाळलेला पुतण्या

उत्तर : अमेरिकेतील व्यवस्थापनतज्ज्ञ जेरी हार्वे यांनी १९७४ मध्ये आपल्या सासुरवाडीचा असाच किस्सा लिहिला आहे. रणरणत्या दुपारी घरात सगळे निवांत खेळत बसले होते. सासऱ्यांनी सुचवले म्हणून चौघे ५३ मैलांवरच्या अ‍ॅबिलीन या गावी जेवायला गेले. गाडीत वातानुकूलन नव्हते आणि जेवणही यथातथाच होते. चार तासांनी घामाघूम होऊन परतल्यावर एकेकाने कबूल केले, की त्याला मुळात जायचेच नव्हते. सासरे म्हणाले, तुम्हाला कंटाळा आला असेल, असे वाटून मी सहज बोललो होतो.

तेव्हा ‘कुठे जायचे?’ असे विचारू नका. तीन जागा समोर ठेवा आणि त्यांतील कोणती मुळीच नको, हे प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. काय हवे ते सांगायला माणसे संकोचतात, पण काय नको हे लिहिताना त्यांच्या लेखणीला धार येते. चिठ्ठीवर नाव नसावे, कारण आत्याबाईंनी सुचवलेल्या जागेवर त्यांच्यादेखत फुली मारण्याचे धैर्य कोणत्याच भाच्यात नसते.

प्रश्न : आम्ही दोघेच आहोत. धाकट्या भावाचे कुटुंब पाच जणांचे आहे. खर्च ‘कुटुंबामागे सारखा’ काढला जातो. बोलले तर वाईट दिसते आणि न बोलले तर सलत राहते. — दोघांचे कुटुंब

उत्तर : बोला, पण निघण्यापूर्वी. परतल्यावर काढलेला पैशाचा विषय भांडण ठरतो. निघण्यापूर्वी काढलेला तोच विषय नियोजन ठरतो. राहण्याचा खर्च खोलीमागे, गाडीचा आसनामागे, जेवणाचा माणशी आणि अगदी लहान मुले मोजायची नाहीत, एवढे चार ओळींत ठरते. सुरुवातीलाच सर्वांनी वर्गणी भरून ती एकाकडे द्यावी, म्हणजे दर वेळी पाकीट कोण काढतो आणि नेमके त्याच वेळी कोणाला फोन येतो, याच्या नोंदी मनात साठत नाहीत. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांसाठी खर्च करायची हौस असेल, तर त्यांना एक अख्खे जेवण द्या म्हणावे आणि तेवढ्यावर थांबवावे.

प्रश्न : वळणाच्या रस्त्यावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला हमखास उलटी होते. मग तिच्यामागोमाग दोन चुलत भावंडांना होते आणि सगळी गाडी थांबते. — एक आई

उत्तर : ती बहुधा मागच्या आसनावर बसून मोबाईल पाहत असेल. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला सांगते, की आपण हलत आहोत. पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात, की आपण स्थिर आहोत. या दोन उलटसुलट निरोपांतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. गाडी चालवणाऱ्याला तो क्वचितच होतो, कारण पुढचे वळण त्याला आधी कळलेले असते. मुलीलाही पुढचा रस्ता दिसेल अशा जागी बसवा आणि दूरवर बघायला सांगा. वाचन आणि पडदा बंद ठेवा, खिडकी थोडी उघडा आणि निघण्यापूर्वी पोट गच्च भरू देऊ नका. गोळी द्यायची असेल, तर ती डॉक्टरांना विचारून द्या. ती त्रास सुरू झाल्यावर द्यायची नसून प्रवासाआधी द्यायची असते, हे बहुतेक घरांत पहिल्या उलटीनंतर आठवते. भावंडांना तिच्यापासून एक रांग दूर बसवा.

प्रश्न : आमचे ७८ वर्षांचे आजोबा पहाटे पाचला उठून सर्वांना हाका मारतात आणि मुले रात्री एक वाजेपर्यंत पत्ते कुटतात. मधल्या पिढीने झोपायचे कधी? — मधली पिढी

उत्तर : दोन्ही बाजूंना आळशी किंवा हट्टी ठरवण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते, त्यामुळे झोप उशिरा येते. म्हातारपणी तेच घड्याळ मागे येते आणि पहाटेच जाग येते. म्हणजे एकाच छपराखाली तीन पाळ्या चालू आहेत. शिवाय, नव्या जागेत पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा अधिक सावध राहतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले आहे. त्यामुळे पहिली रात्र सगळ्यांनीच सोडून द्यावी.

खोल्या कुटुंबांप्रमाणे न वाटता झोपेप्रमाणे वाटून पाहा. लवकर उठणारे एका टोकाला, पत्तेवाले दुसऱ्या टोकाला आणि घोरणारे सगळे एका खोलीत. घोरणाऱ्यांची ती खोली सहलीतली सर्वांत समाधानी खोली असते, कारण तेथे कोणी कोणाला हलवून जागे करत नाही. आजोबांना पहाटे सोबत म्हणून रोज एका नातवंडाची पाळी लावा. सुरुवातीला ते कुरकुरेल, पण आजोबा सगळ्यांसमोर सांगत नाहीत अशा गोष्टी त्या एका तासात त्याला ऐकायला मिळतील. आजोबांची औषधे मोठ्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास झाला, तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून तास-दीड तासाने त्यांना उतरवून चार पावले चालवा. त्या निमित्ताने बाकीच्यांचेही पाय मोकळे होतील.

प्रश्न : माझ्या घरी आम्ही चौघेच होतो. हे वाक्य माझ्या पत्नीला तिच्या माहेराबद्दल लिहिता आले असते, तर बरे झाले असते; दुर्दैवाने ते माझ्या घरचे आहे. सासरच्या २७ जणांबरोबर मी प्रथमच सहलीला निघालो आहे. माणसे फार प्रेमळ आहेत, परंतु दिवसभर बोलत राहण्याची मला सवय नाही. रोज दोन तास एकटा बसलो, तर ते मनाला लावून घेतील का? — नवे जावई

उत्तर : चौघांच्या घरात माणसामाणसांच्या सहा जोड्या होतात. २७ जणांत त्या ३५१ होतात आणि त्यांतल्या प्रत्येक जोडीचा काहीतरी पूर्वेतिहास असतो. तुम्हाला दमायला होणार, हे उघड आहे. सगळ्यांशी एकदम बोलण्याचा प्रयत्नही करू नका, कारण ते कोणालाच जमत नाही. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की एका गप्पांत साधारण चार माणसे टिकतात. पाचवे आले की हळूहळू दोन घोळके होतात. तुम्ही एका घोळक्याच्या कडेला बसा आणि ऐका. ऐकणारा माणूस अशा घरात दुर्मीळ असल्यामुळे तुमचे कौतुकच होईल.

दोन तास एकटे बसण्यासाठी खोलीचे दार लावून घेतले, तर दर दहा मिनिटांनी कोणीतरी ‘बरे वाटत नाही का?’ असे विचारायला येईल. त्याऐवजी एखादे काम अंगावर घ्या. काहीतरी आणायला जाणे, गाडीत इंधन भरून आणणे, झोपलेल्या तान्ह्या मुलाजवळ बसणे. शेवटचे विशेष चांगले, कारण तेथे सगळी माणसे आपण होऊन तुमच्यापासून दूर राहतात.

प्रश्न : चार वर्षांच्या चार सहली झाल्या. आमचा सगळ्यांचा एकत्र असा एकही धड फोटो नाही. कोणीतरी नसते, नाही तर कोणाचे तरी डोळे मिटलेले असतात. — फोटो काढणारी आत्या

उत्तर : आत्या, पहिल्या अडचणीतली हरवलेली व्यक्ती बहुतेक वेळा तुम्हीच असणार, तेव्हा मोबाईल कशाला तरी टेकवून वेळ लावण्याची सोय वापरा. दुसऱ्या अडचणीवर खरोखरच गणित मांडले गेले आहे. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ मध्ये गणिताचे ‘इग्नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले. गट २० जणांहून लहान असेल, तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने आणि कमी उजेडात दोनने भागावे; तेवढे फोटो काढले, की निदान एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री असते. म्हणजे मागच्या गाडीतल्या काकांच्या १९ जणांसाठी दिवसाउजेडी सात फोटो पुरतील. तुम्ही किती जण आहात, ते पत्रात लिहिलेले नाही. बटण दाबण्यापूर्वी एकदा मोजून घ्या.